पावणीच्या नावाची ओ

१२ ऑक्टोबर

पोचले! बॅग उघडायच्या आधी वही उघडली. पहिल्या दिवसापासून लिहायचं असं घरीच ठरवलं होतं. पेन पप्पांचं आहे. कंपनीत दिवाळीला मिळालं होतं, ते त्यांनी खोक्यातून बाहेरच काढलं नव्हतं. आपली अक्षदा कामाला लागली की तिला द्यायचं, म्हणून.

मोहोपाड्याहून चौक गावापर्यंत एसटी आणि पुढे कर्जतच्या रस्त्याला टमटम. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलंय, कापणीला आलंय. टमटमवाल्यानं विचारलं, तबेल्यात कोणाकडं? मी म्हटलं, कामाला. तो आरशातून बघत म्हणाला, पोरी पन असतात व्हय थितं? मी म्हटलं, आजपासून असतात.

तबेल्याच्या फाटकात जमिनीत खड्डा आहे आणि त्यावर लोखंडी पाइप आडवे टाकलेत, मध्ये फटी ठेवून. फाटक उघडं राहिलं तरी घोडा त्यावर पाय ठेवत नाही. माणूस मात्र पार होतो. माझ्या बॅगेची चाकं फटीत अडकली, तेव्हा बॅग डोक्यावर घेतली आणि या पाइपवरून त्या पाइपवर उड्या मारत आत आले. पलीकडून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तो सुनील, इथला मुख्य सईस, घोड्यांची निगा राखणाऱ्यांचा म्होरक्या. कडावचा आहे. म्हणाला, म्याडम, शिकलेली मानसं हितं टिकत नाय, शेनाचा वास आला का पळतात. मी म्हटलं, मी केमिकल कंपन्यांच्या रसायनीची आहे, वासाचं मला सांगू नका. सगळे सईस हसले.

माझी खोली चंदीच्या कोठाराला लागून आहे. चंदी म्हणजे घोड्यांचा खुराक, जव, चणे, कोंडा, गूळ. तो गोड वास खोलीत भरून राहिलाय. एका बाजूची भिंत शेवटच्या थानाची आहे. घोड्याच्या कोठडीला इथे थान म्हणतात. भिंतीपलीकडे कोणी पाय बदलून उभं राहिलं की इकडे कळतं. शेजार मिळाला म्हणून बरं वाटलं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आईला वाटत होतं, बी.एस्सी. झालेली मुलगी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून बसेल. पण माझा मामा माथेरानला घोडे धरायचा आणि सुट्टीत मी त्या घोड्यांच्या पायांतच वाढले. मला रेसच्या घोड्यांची ट्रेनर व्हायचंय. पुढे परीक्षा आहे, लायसन्स आहे, पण त्याआधी कोणा मोठ्या ट्रेनरच्या हाताखाली राहावं लागतं. भिवाजी सरांना मी फोन केला तेव्हा त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. एवढंच विचारलं, सांगितलेलं ऐकतेस का?

मी म्हटलं, हो सर.

१३ ऑक्टोबर

आज सरांना पाहिलं. बारीक, ताठ, पायात कॅनव्हासचे बूट. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. ते इथल्याच डोंगराखालच्या गावचे. लहानपणी मुंबईला एका तबेल्यात शेण उचलायला लागले, मग सईस झाले, मग सकाळच्या सरावाला घोड्यांवर बसू लागले, मग मुख्य सईस आणि शेवटी लायसन्स. महालक्ष्मीच्या मोठमोठ्या शर्यती त्यांच्या घोड्यांनी जिंकल्यात. आपल्याकडचा, आपल्यासारखाच माणूस! मी पाया पडले.

इथे सकाळची हाजिरी असते. सर अंगणात खुर्चीवर बसतात आणि एकेका घोड्याचं नाव घेतात. ज्याचा घोडा तो सईस ओ देतो आणि दार उघडून घोडा बाहेर काढतो. ओ आल्याशिवाय दार उघडायचं नाही. शेवटचं नाव माझ्या भिंतीपलीकडच्या घोडीचं, पावणी. म्हणजे पाहुणी. तिला कोणीच ओ दिली नाही. सर थांबले. सगळे जमिनीकडे बघत उभे. मग सरांनी हात हलवला आणि घोडे वाळूच्या धावपट्टीकडे निघाले. पावणीचं दार बंदच राहिलं.

मी सुनीलला विचारलं, तर म्हणाला, पाय गेलाय तिचा, सईस नाय तिला.

सर चाबूक वापरत नाहीत. म्हणाले, मारून घोडं पळतं, तयार होत नाही. तयार करायचं तर त्याला वाटलं पाहिजे, की हे आपणच ठरवलं. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

ऑफिसात जिंकलेल्या शर्यतींचे फोटो आहेत. जुने काळे-पांढरे, मग रंगीत. प्रत्येक काळातली एक गडद तांबडी घोडी आणि तिचा लगाम धरलेले सर. फोटोखाली वेगवेगळी इंग्रजी नावं. पण सर म्हणाले, तबेल्यात सगळ्यांचं नाव पावणीच. मला हे आवडलं. घराण्याचं नाव चालवल्यासारखं.

१६ ऑक्टोबर

पावणीशी मैत्री झाली. डाव्या पुढच्या पायाची शीर सुजून कायमची जाड झालीय, पण डोळे! माझ्याकडे बघत नाही ती, माझ्या तोंडाकडे बघते. मी बोलते तेव्हा ओठ हलवते.

तिचं सगळं भागी बघते. भागी वरच्या ठाकरवाडीतली, तबेल्याला हिरवा चारा आणून टाकते. कपाळावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. ती रोज फडक्यातून नाचणीची भाकरी आणते आणि पावणीला भरवते. मी सांगितलं, रेसच्या घोडीला भाकरी चालत नाही. ती म्हणाली, तिला चालती.

भागीची जीभ भारी तिखट आहे. सुनीलला म्हणते, तुज्यापरीस घोडं शानं, त्याला पोट किती ते कळतं. मला तिनं नाव ठेवलंय. मी नवीन, शहरासारखे कपडे घालणारी, म्हणून मी पावणी. काय गं पावणी, चा झाला का? काय गं पावणी, नीज लागली का? एक पावणी भिंतीच्या त्या अंगाला, एक या अंगाला. दुपारपर्यंत सगळे सईस मला पावणी म्हणायला लागले. सुनील तेवढा अजून म्याडम म्हणतो.

भागीची धाकटी बहीण चिमाही आधी इथे कामाला होती म्हणे. आता कुठे असते विचारलं, तर सुनील घाईनं म्हणाला, म्हमईला. भागी भाकरीचे तुकडे करत राहिली.

१९ ऑक्टोबर

धाकट्या बहिणीचा, प्रियाचा फोन. बारावीत गेली तरी बोलायची पद्धत तीच. मी हाक मारली की म्हणते, "काय?" आईनं आम्हा दोघींना हेच शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलं, की मोठ्यांनी हाक मारली तर ‘काय’ म्हणायचं नाही, ‘ओ’ म्हणायचं. मला ते अंगात मुरलं, हिला नाही. मी तिला हाजिरीचं सांगितलं. म्हटलं, इथे घोड्यांच्या वतीनंसुद्धा लोक ओ देतात, आणि तू? जरा शीक. नाहीतर सरांसमोर माझी लाज काढशील. ती म्हणाली, बरं बाई, तुझ्या सरांना भेटायला येईन तेव्हा शिकून येईन.

२२ ऑक्टोबर

दिवाळी पाडवा. पहाटे उटणं लावून आंघोळ केली. सईसांनी घोड्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. आईच्या चकल्या सगळ्यांना वाटल्या.

हाजिरीच्या वेळी मी भागीबरोबर अंगणात रांगोळी घालत होते. माझी पाठ सरांकडे. नावं चालली होती आणि ओ, ओ, ओ असं मागून ऐकू येत होतं. मग सर म्हणाले, पावणी.

मी म्हटलं, "ओ, सर."

निघून गेलं तोंडातून. हे सगळे मला याच नावानं हाका मारतात. मोठ्या माणसानं हाक मारली आणि मी ओ दिली, एवढंच. मी जीभ चावून मागे वळले. कोणी हसलं नाही. सुनीलच्या हातातला दोर खाली पडला होता. रांगेतल्या सगळ्या घोड्यांचे कान माझ्याकडे वळलेले. भागीनं पदर तोंडात धरला होता. ती हसत होती का रडत होती ते कळलं नाही.

सर खुर्चीतून उठले. हाजिरीत ते कधी उठत नाहीत. जवळ येऊन म्हणाले, बरं झालं, हिला ओ द्यायला कोणी नव्हतं. उघड दार.

मी दार उघडलं. पावणी लंगडत उन्हात आली आणि तिनं माझ्या खांद्यावर मान ठेवली. आजपासून ही माझी. रोज सकाळी तिची ओ मी द्यायची. आता मला कोणी पाहुणी म्हणू नये!

२५ ऑक्टोबर

सर स्वतः मला तयार करतायत. त्यांचेच शब्द. सुनील म्हणतो, आजवर कोणाला एवढा वेळ दिला नाही.

सकाळी मी ओ देते आणि सरांसमोर वाळूत पळते. आधी चाल, मग दुडकी, मग सुटून. सर म्हणतात, घोड्याला काय सोसावं लागतं ते अंगानं कळलं पाहिजे. पटतं मला. पळून झालं की घाम थंड होईपर्यंत फिरायचं, लगेच पाणी प्यायचं नाही. मग सर वाकून माझ्या नडगीवरून घोट्यापर्यंत हात फिरवतात आणि सूज नाही ना, बघतात. पहिल्यांदा मी दचकले. मुलींना कळतं, हात कसा आहे ते. तो हात वाईट नव्हता. मुलीच्या पायावर हात ठेवतोय हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, हाड चांगलं आहे.

तेव्हापासून मी तेच आठवतेय.

चंदी चाखून बघितली. भिजवलेले चणे आणि गूळ. छान लागते.

२९ ऑक्टोबर

आज पावणीला धुतलं. कपाळावरची आयाळ बाजूला केली आणि ओल्या केसांतून कातडी दिसली. तिथे तीन ठिपके. हिरवे. त्रिकोणात.

मी भागीला दाखवलं. ती म्हणाली, खरूज आसंल. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. तिनं पदर पुढे ओढला.

घोड्याला गोंदत नाहीत. डाग असेल. रंगद्रव्याचा काही प्रकार असेल. पुस्तकात बघते.

पावणी आता चंदीला तोंड लावत नाही. भाकरीच खाते.

२ नोव्हेंबर

सर्दी झालीय. नाक गच्च. आणि तोंडानं श्वास घेता येत नाही. तोंड उघडते, हवा आत जातच नाही. काल दुपारी जीव घाबरा झाला, तेव्हा सुनीलनं निलगिरीची वाफ दिली. नाक सुटलं तेव्हा श्वास आला.

घोडा फक्त नाकानं श्वास घेतो. त्याला तोंडानं घेता येत नाही. हे मी शिकलेय. कॉलेजच्या परीक्षेतही लिहिलं होतं.

दुपारी जेवून टेकले होते. जाग आली तेव्हा खोलीच्या मधोमध उभी होते. उभ्यानं झोपले होते.

दमले असेन. पप्पा रात्रपाळीला उभ्यानं डुलकी काढतात, तसंच.

डबा परत पाठवते. भाताचा वास नको वाटतो. चंदी घेते थोडी.

५ नोव्हेंबर

अंगणात प्लास्टिकची पिशवी उडाली आणि मी ओरडून पळत सुटले. कुंपणाशी जाऊन थांबले. सगळे बघत होते. एकही जण हसला नाही. भागीसुद्धा नाही.

डोळ्यांचं काहीतरी झालंय. दोन्ही बाजूंचं लांबपर्यंत दिसतं. पाठीमागे कोण उभं आहे तेही कळतं. पण नाकासमोरचं दिसत नाही. चहाचा कप तोंडाजवळ आणला की नाहीसा होतो. हे लिहितानासुद्धा मान वळवून एका डोळ्यानं बघावं लागतंय. ओळी तिरक्या जातायत.

घरी फोन करायला घेतला. स्क्रीनला बोट लावते तर ती जागी होत नाही. बोटाची कातडी जाड, गुळगुळीत झालीय. नख आणि बोट कुठे जुळतं ते —

सरांना सांगितलं. त्यांनी माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाले, घाई नाही करायची.

उद्या हाजिरीनंतर घरी जाते. आईला दाखवते.

७ नोव्हेंबर

काल गेले नाही. पाय निघाला नाही.

आज हाजिरी. सर म्हणाले, पावणी. मी ओ दिली. आता ती आपोआपच येते. दार उघडलं. थान रिकामं. पेंढ्यात अजून ऊब होती.

मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, जा आत.

मी गेले. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. सांगितलेलं ऐकतेस का? हो सर.

आतून दिसलं. फाटकाशी भागी होती. तिनं एका बाईला धरलं होतं. बाईच्या अंगावर भागीचंच लुगडं, केस पिंजारलेले. डावा पाय ओढत होती. सारखी स्वतःच्या तोंडावरून हात फिरवत होती, गाल, ओठ, परत गाल. पाइपांपाशी ती थांबली. भागी लहान मुलीला सांगावं तसं म्हणत होती, ये गं चिमा. ठेव पाय. मानसाचा पाय हाय तुजा आता, ठेव.

ती पार झाली.

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. कपाळावर तीन ठिपके.

८ नोव्हेंबर

बॅग घेतली नाही. वही कमरेला खोचली आणि निघाले. भर दुपार, सगळे जेवत होते. फाटक उघडं.

पाइप. फटी. खाली काळोख. पाय उचलला आणि टाकता येईना. अंग मागे गेलं. डोळे मिटून धावत आले आणि काठावर येऊन चारी — नाही, दोन्ही — दोन्ही पाय रोवले गेले.

याच पाइपांवरून मी उड्या मारत आले होते.

सर अंगणातल्या खुर्चीतून बघत होते. त्यांनी कोणाला धाडलं नाही. मी आपली आपणच परत आले.

१० नोव्हेंबर

भागी आली. तिच्या हातात भाकरी. माझ्यासाठी.

म्हणाली, मी जानूनबुजून तुला त्ये नाव दिलं. भैन हाय माजी. तिनंबी चुकून ओ दिली व्हती. सगळ्यांनी तिला पावणी म्हनून हाका मारल्या आन् म्हाताऱ्यानं ती निवडली. तिच्यावर कप जिंकले त्यानं. ती पळत व्हती आन् मी रोज गवात टाकत व्हते. मला शिव्या दे गं.

मी शिव्या दिल्या नाहीत. विचारलं, सुटायचं कसं? माझा आवाज भलताच निघाला. पण तिला कळलं. तिला सवय आहे.

भागी म्हणाली, रोजच्या ओ बरोबर ओ देणारीच्या अंगात घोडी भरत जाते. ओ थांबवली की भरणं मंदावतं, पण मागे फिरत नाही. त्याच नावाला दुसरं कोणी ओ दिली, तर मागची सुटते. हीच रीत.

ती जाताना माझ्या पायाला हात लावून गेली.

उद्यापासून ओ द्यायची नाही. आणि कोणाला देऊ द्यायची नाही. सुनीलला खुणेनं सांगितलं, मला पावणी म्हणू नका, कोणालाच म्हणू नका. तो म्हणाला, मी कदी म्हनलो नाय, म्याडम.

खरं आहे. तो कधी म्हणाला नाही. पण सांगितलंही नाही.

१३ नोव्हेंबर

सर रोज नाव घेतात. मी ओठ दाबून धरते. ओ घशापर्यंत येते, गिळते. सर थांबतात. हसतात. हात हलवतात. रागावत नाहीत. थानाला कडी लावत नाहीत. चंदी स्वतः आणून ठेवतात. गूळ जास्त घालतात.

फोन पेंढ्यावर होता. उजळला. प्रियाचा मेसेज. मान वळवून वाचला —

"ताई तू फोन का उचलत नाहीस? तुझ्या सरांचा फोन आला होता!! म्हणाले रविवारी सकाळी ये, हाजिरी बघ. पप्पा हो म्हणाले. आणि सांगून ठेवते, आता मी ‘काय’ म्हणत नाही. कोणी हाक मारली की ओ. आई खूश. बघशीलच तू."

येऊ नकोस. येऊ नकोस. येऊ नकोस. बोट लागत नाही. नाकानं दाबलं. जिभेनं दाबलं. अक्षरं भलतीच —

सुनीलपुढे फोन धरला. तोंडानं सांगायला गेले. शब्द नाही, नुसती वाफ. त्यानं मेसेज वाचला. बराच वेळ वाचला. फोन खिशात टाकला. डोळे पुसले.

म्हणाला, मला पन घरी पोरी हायत, म्याडम.

१५ नोव्हेंबर

पेन मुठीत धरलंय. बोटं वेगळी होत नाहीत.

उद्या रविवार.

वाटतं — ती ओ देईल. मी सुटेन. आई. मोहोपाड्याची खोली. पप्पांचा डबा. मग मी प्रियाला सोडवीन, दुसरी कोणी — कोणाची तरी बहीण —

भागीनं असाच विचार केला असेल.

लायसन्स घ्यायचं होतं मला. घोड्यांना न मारता —

पहिल्या पानावर काय लिहिलंय ते आठवतं. पान उलटता येत नाही.

१६ नोव्हेंबर

आली.

पाइपांवरून उड्या मारत. हसत. मी आले तशी. एका नव्या सईसानं टाळ्या वाजवल्या, ओरडला, पावणी आली हो! सुनीलनं त्याचं तोंड दाबलं. उशीर झाला. सगळे म्हणतायत. या पावणी. बसा पावणी.

तिच्यासाठी आज हाजिरी थांबवलीय. सरांच्या शेजारी खुर्ची. ती विचारते, ताई कुठंय? सर म्हणतात, येईल, हाजिरीला असते ती.

दार उघडं आहे. कोणी बांधलं नाही मला. दारात आले. ओरडले. सगळे घोडे वळले. प्रिया वळली. म्हणाली, अय्या, किती सुंदर आहे ही! ताईची का?

ओळखलं नाही.

माझ्याकडे शब्द नाहीत. एकच उरलाय. तो जपून ठेवला होता.

नावं सुरू. ओ. ओ.

सर माझ्याकडे बघत नाहीत. बघायची गरज नाही. तिला का बोलावलं ते आत्ता — मारून नाही — त्याला वाटलं पाहिजे, की हे आपणच —

प्रिया उभी राहिली. हात पुढे बांधून. शहाण्या मुलीसारखी.

‘काय’ म्हण गं. एकदाच. आई ओरडणार नाही. ‘काय’ म्हण —

नाव घेतलं

तिनं तोंड उघ — तिच्याआधी मी

ओ